तानूआक्कांचा उंचवटा

तिसरीच्या वर्गाकडून मी तेराचा पाढा म्हणून घेत होते, तेवढ्यात तालमीचे वस्ताद शाळेच्या दारात येऊन उभे राहिले. एवढा धिप्पाड गडी, पण आत यायला धजेना. "बाई, तानूआक्का गेल्या," एवढंच म्हणाले आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत बाहेर वळले. पाढा अर्ध्यातच राहिला... त्याला आता दीड महिना होईल. रडणं झालं, दिवसपाणी झालं; पण मला राहून राहून आठवतं ते आक्कांचं आजारपण नाही. आठवते ती नगरपालिकेची सभा, आणि ती आठवली की अजून अंगात वारं शिरतं.

तानूआक्का आमच्या पेठेच्या नाक्यावर म्हशी उभ्या करून दूध काढून द्यायच्या. कोल्हापूरकरांना हे सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे म्हैसच नाक्यावर येते आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पेल्यात धार पडते. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. दोन म्हशी आणि नाक्यावरची ती चिमूटभर जागा, एवढाच आक्कांचा संसार. तोंड मात्र भलतं फाटकं. दूध पिऊन मिशी न पुसणाऱ्या पैलवानालासुद्धा त्या चारचौघांत सुनवायच्या. मी नवी मास्तरीण म्हणून पेठेत आले तेव्हा "बाई, तुमी लई वाळलाय, हे प्या आदी," म्हणत पहिला पेला त्यांनीच माझ्या हातात दिला होता.

संस्थान विलीन होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. गावात मोटारी वाढल्या होत्या. गुळानं भरलेल्या मालमोटारी आमच्या नाक्याच्या उतरणीवरून अशा सुटायच्या की रस्ता ओलांडताना कुलदैवत आठवावं! एके दिवशी एका टांग्याला धक्का बसला आणि टांगेवाल्याचा पाय मोडला. पेठ खवळली, तक्रारी गेल्या. मग वर काय शिजलं म्हणता? तर नाक्यावरच्या म्हशी रहदारीला अडथळा करतात, सबब त्या तिथून हलवाव्यात! तसा ठराव पुढच्या सभेत येणार होता. म्हशी गावाबाहेर ठेवून दूध घरोघर घालायचं तर हाताशी माणसं हवीत, आणि आक्का तर एकट्या. "जागा गेली की मी बी गेले, बाई," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका खाली आलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

मी अर्ज लिहिला, चांगला 'सविनय' वगैरे घालून. सभेला आम्ही दोघी गेलो. तेवढ्या पागोट्या-टोप्यांत लुगडी आमची दोनच. अध्यक्ष भला माणूस, त्यांनी आक्कांना बोलायची परवानगी दिली. आक्कांनी माझ्या हातातला अर्ज काढून घेतला, त्याची घडी करून कमरेला खोचला आणि थेट अध्यक्षांनाच म्हणाल्या, "पावणं, म्हस हळू चालती, मोटार पळती. मग थांबवायचं कुणाला?"

असा हशा उसळला, अशी बाकं वाजली, की विचारू नका! मला उठून टाळ्या पिटाव्याशा वाटल्या, आणि मी पिटल्याही. एका सभासदानं सुचवलं की उतरणीवर रस्त्याला आडवा उंचवटा घालावा, मोटारी झक मारत हळू होतील. पण पैसा कुठला? आमच्या पेठेसाठी त्या वर्षी मंजूर झालेली मदत तालमीच्या गळक्या छपरावर खर्च व्हायची होती. अध्यक्षांनी सांगितलं, तालीम छपरावरचा हक्क सोडत असेल तर उंचवटा, नाहीतर म्हशी हलतील. आठ दिवसांत काय ते कळवा.

त्या आठ दिवसांत आक्कांनी तालमीपुढं एक शब्द टाकला नाही. धार काढायच्या, पेले भरायच्या, बस. शेवटी मलाच राहवेना. वस्तादांना गाठून मी भांडलेच, की बाईचं दूध पिऊन दंड कमावलेत आणि आता छपराचा लोभ सुटेना होय? माझी सरबत्ती संपेपर्यंत वस्ताद ऐकत राहिले. मग म्हणाले, "पाऊस अंगावर घेऊ की. दूध कोण देणार?" छपरावरचा हक्क सोडल्याच्या कागदावर त्यांनी सही कधीच करून ठेवली होती, वर बांधकामाची अंगमेहनतही फुकट कबूल केली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण कोल्हापूरकर ते कोल्हापूरकर! ठराव होता चार बोटं उंचीचा. शेजारच्या पेठेतलं कुणीतरी म्हणालं, ह्यांचा उंचवटा म्हणजे पोळपाट. झालं, आमचे पैलवान पेटले. दगड, मुरूम आणि घाम ओतून दोन दिवसांत त्यांनी गुडघाभर बांध घातला, धुम्मस मारून पक्का केला आणि वर गुलाल उधळला. पाहणीला अध्यक्षांची मोटार आली ती पोट टेकून मधोमध बसली. आणि आक्कांची थोरली म्हैस? बांधापुढं येऊन उभी राहिली, ढिम्म हलेना. जिच्यासाठी बांधला तिचीच वाट बंद! आक्कांनी कपाळावर हात मारला, मग तिथंच भर रस्त्यात बसून धार काढली आणि खिडकीतून पेला अध्यक्षांच्या हातात दिला. त्यांनी तो संपवला आणि मुकाट्यानं मिशी पुसली. पैलवानांनी मोटार अलगद उचलून खाली ठेवली, आणि दुपारपर्यंत बांध खणून चार बोटांवर आणला.

त्यानंतर आक्का आणि त्यांच्या म्हशी सहा-सात वर्षं त्याच जागी उभ्या राहिल्या. उतरणीवर पुन्हा कुणाला धक्का लागला नाही. एखादी मोटार जोरात आलीच तर आक्का ड्रायव्हरच्या सात पिढ्या उद्धरायच्या. आता म्हशी त्यांच्या भाच्यानं हुपरीला नेल्या. गेल्या पंधरवड्यात उतरणीवर डांबर पडलं आणि उंचवटाही गेला. शाळेतून येताना मी ते पाहिलं आणि डोळ्यांत पाणीच आलं. रस्ता कसा गुळगुळीत, जणू तिथं कधी काही नव्हतंच.

तेवढ्यात वरून एक मालमोटार आली आणि नाक्यापाशी हळू झाली. मी पुढं होऊन ड्रायव्हरला विचारलं, उंचवटा काढलाय, दिसत नाही का?

"दिसतंय की," तो म्हणाला. "पर आक्का शिव्या घालत्यात."

मी सांगितलं, आक्का जाऊन दीड महिना झाला. त्यानं नाक्यावरच्या मोकळ्या जागेकडं पाहिलं, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"असू दे," म्हणाला, आणि माणूस पायी चालावा तशी त्यानं मोटार हळूहळू खाली नेली.