शंभर पुस्तकांचा गठ्ठेवाला

आखातातल्या रोल्ला भागात, जुन्या पुस्तकांच्या दुकानात एका इंग्रज लेखकाच्या रहस्यकथांचा गठ्ठा दिसला. मी एकच पुस्तक मागितलं. वसईचा म्हातारा दुकानदार सुतळी कुरवाळत म्हणाला, "सुटं देत नाही."

मी भडकलो. "एवढी कोण वाचणार, अंकल?"

"शंभर वर्षांपूर्वी यानं शंभरेक लिहिली. पहिलं साफ आपटलं. ते मी मुद्दाम सगळ्यात वर बांधतो."

माझी एकुलती कादंबरी प्रकाशकानं न वाचताच परत पाठवली होती. तेव्हापासून मी लिहिणं सोडलंय, हे रागातच तोंडून निघालं.

"एकातच खलास?" म्हातारा हसला.

गठ्ठा मी त्याच्याच भावात घेतला. शेजारी वह्या घेताना मात्र भरपूर घासाघीस केली, कारण एकदम डझनभर हव्या होत्या.