नकाशावाले चाचा

कुणाच्याही नव्या संगणकाला हात लावण्याआधी चाचा त्या माणसाला डोळे मिटायला लावायचे. औरंगपुऱ्यातल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा मलाही तेच म्हणाले. मला वाटलं, झालं, म्हातारा चक्रम दिसतोय.

माझा जुना संगणक बंद पडला होता आणि नव्यात काहीच जागेवर नव्हतं. डाव्या कोपऱ्यातलं बटण मध्यभागी, सगळं गुळगुळीत, अक्षरं फिकट. पंधरा वर्षं लग्नपत्रिका जुळवणारी बाई मी, आणि साधी फाइल सापडेना म्हणून रडकुंडीला आले होते. चाचा म्हणाले, "डोळे मीट, बेटी. आता पत्रिकांचं फोल्डर उघड." माझा हात आपोआप उजवीकडं वर गेला आणि थांबला. "हां, तिथंच ठेवायचं त्याला. डोळ्याला नवं आवडतं, हाताला नाय."

मग चौकटीच्या वहीत पेन्सिलीनं नकाशा निघायचा. त्याबरहुकूम ते संगणकाचा पडदा लावत. जुन्या धाटणीचा मेनू, राखाडी पट्टी, बटण कोपऱ्यात, मागं साधा निळा रंग. मधे कुणी माउसला हात लावला की खेकसत, "हात काढ! घर लावतोय मी इथं." उस्मानपुऱ्यातले एक निवृत्त हेडक्लार्क तर पडदा बघून म्हणाले, "चाचा, माझी कचेरी आणून दिलीत राव!" संगणकाच्या शोरूमची पोरं मात्र हसायची. चाचा त्यांना म्हणायचे, "तुमचे पण हात म्हातारे होतील. मग या."

गेल्या वर्षी कसलंसं अपडेट आलं आणि माझा पडदा पुन्हा विस्कटला. चाचा भिंत चाचपत जिना चढले. साखरेचा आजार त्यांना जुनाच होता. या वेळी ते बटणं मोजून मोजून दाबत होते, आणि चक्क मला म्हणाले, "माउस तू धर, मी सांगतो." शेवटी मागचा रंग त्यांनीच भरला. मी विचारलं, "जमला का रंग, चाचा?"

"बिल्कुल पहिल्यासारखा निळा."

पडदा हिरवागार होता.

मला कळलं. आणि मी काय केलं? "छान झालंय" म्हणून चहा मागवला. म्हणे त्यांची अब्रू राखली! त्यांची मुलगी नसीम लासूर स्टेशनला राहते, तिचा नंबर माझ्याकडं होता. एक फोन करायला काय धाड भरली होती मला? चार महिन्यांनी चाचा रस्त्यात पडले. तेव्हा डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तर थोडी तरी नजर वाचली असती.

नसीमनं त्यांना लासूरला नेलं. मी भेटायला गेले तर नवी, लख्ख खोली, आणि खाटेवर चाचा हवेत हात फिरवत पाण्याचा तांब्या शोधत होते. नसीम रडवेली झाली होती. "दहादा सांगितलं ओ ताई, कुठं काय ठेवलंय ते. ध्यानातच राहत नाय त्यांच्या."

मी पर्समधून चौकटीची वही काढली. "चाचा, मी आलेय. तुमच्या शहरातल्या जुन्या खोलीत बसलाय असं समजा. आता पाणी घ्या बरं."

हात डावीकडं खाली गेला, थांबला. मी तिथं स्टूल सरकवून तांब्या ठेवला. मग काठी, चप्पल, औषधाची डबी. हात थांबेल तिथं वस्तू ठेवायची आणि वहीत खूण करायची. शेवटी मला राहवलं नाही.

"चाचा, तुम्हाला दिसत नाही हे मला त्या दिवशीच कळलं होतं. मी बोलले नाही. चुकलं माझं."

त्यांनी तांब्या उचलून घोटभर पाणी घेतलं. मग म्हणाले, "मला ठाऊक होतं तुला कळलंय ते. न मागता चहा कधी पाजला होतास तू?" तांब्या जागेवर ठेवून म्हणाले, "घाबरलो होतो, बेटी. नजर गेली म्हटलं असतं, तर कुणी कामाला बोलावलं असतं?"

बोलता बोलता त्यांचा उजवा हात पुढं गेला आणि भिंतीवर आपटला.

"तिथं काय होतं, चाचा?"

"माउस." त्यांनी हात मांडीवर घेतला. "तेवढं नकाशात नको घेऊ."

मी बाकीची खोली वहीत काढली. तेवढा चौकोन कोरा ठेवला.