ऑस्मोचं मनगट

इल्पो केम्पाइनेन कायानीच्या आइस हॉकी संघात बचावाला खेळत म्हातारा झाला, म्हणजे पस्तिशीला पोचला. बाप तळ्यावरचा बर्फ झाडून द्यायचा, तिथे तो स्केटिंग शिकला. गुडघा गेला तेव्हा खेळ सुटला आणि गावच्या रेडिओने त्याला समालोचनाला बसवलं, ते नावाकडे बघून. बोलण्यासाठी तो कधीच प्रसिद्ध नव्हता. लग्नाची मागणीसुद्धा त्याने मानेनेच घातली, असं बायको सांगे.

शेजारी बसून सामना सांगणारी सेइजा रेडिओची प्रमुखही होती. महिन्याभरात ती वैतागली.

"गोल झाला हे लोकांना आरडाओरड्यावरून कळतं रे! का झाला, ते तू सांग. नाहीतर पुढच्या हंगामाला मी दुसरा माणूस बघते."

"बरं."

"बघ! बरं म्हणे!"

हळूहळू तो बोलू लागला. कोण कोपऱ्यात शिरायला कचरतो, कोण दमला की डावीकडेच वळतो, हे त्याला वरून लख्ख दिसायचं. माणसं घरी पोचल्यावरही गाडीत बसून ऐकत राहायची.

मग उपांत्य फेरी आली. त्याचा जुना जोडीदार ऑस्मो हुओतारी अजून कायानीकडून खेळत होता. तो बर्फावर उतरताच इल्पोला दिसलं, की काठीचा सगळा भार उजव्या हातावर आहे आणि डावा नुसता टेकलाय. मनगटाला तडा गेला असणार. असं काही कपडे बदलायच्या खोलीबाहेर जात नाही, कारण समोरच्यांना कळलं की पुढचा प्रत्येक फटका तिथेच बसतो. इल्पोचा दुखरा गुडघा ऑस्मोने दोन हिवाळे असाच झाकून ठेवला होता.

त्या दिवशी ऑस्मो गोलासमोर येऊनही चकती दुसऱ्याकडे सरकवत होता. गॅलरीतून शिट्ट्या सुरू झाल्या.

"इल्पो, हा मारत का नाही?" सेइजाने माइकवरच विचारलं.

पाहुण्या संघाच्या बाकामागे त्यांचा मदतनीस कानाला रेडिओ लावून उभा होता. बोल म्हणून सेइजाने टेबलाखाली इल्पोच्या पायावर पाय दिला.

"दोघं त्याच्यावर धावतात," इल्पो म्हणाला, "म्हणजे आपला एक मोकळा सुटतो. ऑस्मो त्यालाच चकती देतोय."

हेही खोटं नव्हतंच. मदतनीस लगबगीने वाकून प्रशिक्षकाच्या कानाशी लागला. पुढच्या खेपेला पाहुण्यांनी ऑस्मोला सोडलं आणि बाकीच्यांना घट्ट धरलं. त्याच्यापुढे नुसता मोकळा बर्फ. देणार कुणाला? त्याने मारलं. चकती लोळत गोलरक्षकाच्या पायाशी गेली आणि ऑस्मो मनगट पोटाशी धरून गुडघ्यावर बसला. आता सगळ्या गावाने पाहिलं.

सामना हरल्यावर सेइजाने वायरी गुंडाळता गुंडाळता विचारलं, "तुला माहीत होतं ना?"

"होतं."

"पुढच्या वेळी सांगशील?"

"नाही." तो कोट शोधू लागला. "दुसरा माणूस बघ."

"त्यांचा प्रशिक्षक तुझं ऐकून डाव बदलतो, आणि मी दुसरा बघू? ऑक्टोबरात नव्या हंगामाला ये."

खाली कपडे बदलायच्या खोलीत ऑस्मो बर्फाच्या बादलीत हात बुडवून बसला होता.

"मी एकाएकी मोकळा कसा सुटलो रे?"

इल्पोने सगळं सांगितलं. अगदी सविस्तर, जसं आता त्याला येऊ लागलं होतं.

"गाढवा," ऑस्मो म्हणाला, "चकती वाईट उसळतेय म्हणून मारत नाही, एवढंच म्हणायचं होतंस."