बाळंतिणीच्या खोलीतली भोकं

आयुष्यात मी बरेच उद्योग केले, पण बाळंतिणीच्या खोलीचा केला तितका चोख बंदोबस्त नोकरीतही कधी केला नव्हता.

नोकरी न्हावा शेव्याला, कंटेनरच्या यार्डात. रिकामा कंटेनर माल भरायला देण्याआधी तपासायचा. पद्धत सोपी. एकाने आत शिरायचं, दुसऱ्याने बाहेरून दरवाजे लावायचे, आणि आतल्याने अंधारात उभं राहून उजेडाचा ठिपका कुठे दिसतो ते बघायचं. ठिपका म्हणजे भोक, आणि भोक म्हणजे पाणी आत. असा अंधारात उभा राहून मी आयुष्यभर पगार घेतला. निवृत्त होऊन माणगावजवळच्या गावी परतलो, भातशेतीत लक्ष घालू लागलो, पण डोळ्यांची खोड गेली नाही. अजूनही कुणाकडे गेलो की पाणी प्यायच्या आधी वर कौलांकडे बघतो.

गेल्या पौषात लेक पहिल्या बाळंतपणाला आली आणि आम्हाला नात झाली. आमच्याकडे बाळंतिणीला न्हाऊ घातल्यावर शेगडीचा शेक देतात. कोळसे अंगणात फुलवायचे, धूर पार गेला की शेगडी आत आणायची, दार-खिडकी उघडी ठेवायची आणि शेक झाला की शेगडी लगेच बाहेर. सगळा कारभार बायकोचा. मला काम नव्हतं, आणि हीच मोठी अडचण होती. त्यात थंडी यंदा जास्त, बाळाचे पाय गार लागत होते. मला कल्पना सुचली.

माझा एक मित्र लग्नांचे मंडप घालतो. थंडीत उघड्या मैदानावर पाहुण्यांना शेकायला तो गॅसचे हीटर ठेवतो. छोटा सिलिंडर, त्याच्या डोक्यावर लालभडक तापणारी जाळी. त्यातला एक मी मागून आणला. देताना तो म्हणाला होता की ही मोकळ्यावर लावायची वस्तू आहे. मी मान डोलावली. मान डोलावण्याचा मला सराव आहे, लग्नाला बरीच वर्षं झाली.

घरी आल्यावर सिलिंडरच्या जोडावर साबणाचं पाणी लावून बघितलं. एक बुडबुडा आला नाही. गॅस गळत नाही, म्हणजे धोका नाही, असं मी घरात जाहीर केलं. मग भर दुपारी मायलेकींना ओटीवर बसवलं आणि बाळंतिणीच्या खोलीचं दार लावून आत उभा राहिलो. काय सांगू, नुसती चाळण! चौकटीच्या कडेने ठिपके, खिडकीच्या फटीत ठिपके, कौलांतून तर आकाशगंगा. शिडी आणली. कौलांखाली अख्खी ताडपत्री ताणली, फटींत चिंध्या कोंबल्या, वरून चिकटपट्टी मारली. उन्हं उतरेपर्यंत एकही ठिपका शिल्लक नव्हता. कंटेनर पास.

आजपासून मायलेकी या खोलीत हीटर लावून निजतील, मी सांगितलं. बायको कमरेवर हात ठेवून दारात उभी होती. मागे एकदा मी मिक्सर दुरुस्त केला होता, तेव्हापासून ती पाट्यावर वाटते. ती म्हणाली, "आधी तुमी बसा आत. तुमाला काय झालं न्हाय, तं मंग माझी पोर जाईल."

मला लागलं ते. पण इभ्रतीचा प्रश्न होता. खुर्ची घेऊन आत बसलो, दाराखाली गोणपाट कोंबलं आणि हीटर पेटवला. छान ऊब आली. थोड्या वेळाने कपाळ जड झालं. म्हटलं, दुपारी वालाची उसळ जास्त झाली. मग पेंग आली. म्हटलं, बघा, झोपसुद्धा लागते, बाळाला किती बरं. बायकोने बाहेरून चहाला हाक मारली. मी चांगलं ठणठणीत उत्तर दिलं अशी माझी समजूत आहे. तिला आतून नुसतं घोगरं काहीतरी ऐकू आलं. उठायला गेलो तर पाय माझे नव्हतेच.

पुढचं सगळं तिने केलं. गोणपाटाने अडलेलं दार खांद्याने रेटलं, काखेत हात घालून मला अंगणात ओढलं, पदर नाकाला लावून परत आत गेली, सिलिंडर बंद केला, खिडकी सताड उघडली. लेक बाळाला खांद्यावर घेऊन येत होती, तिला हातानेच मागे थांबवलं. वालाची उसळ मी अंगणात परत केली.

माणगावच्या डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला आणि सगळं विचारून घेतलं. गॅस गळलाच नव्हता, ते म्हणाले. कोंडलेल्या खोलीत जाळ आतली हवा खातो आणि विषारी वायू सोडतो. त्याला ना वास, ना रंग. बंद खोलीत कोळशाची शेगडीही तेच करते. मग बायकोकडे बघून म्हणाले, "ह्यांना आधी बसवलंत म्हणून बरं. इतकुसं बाळ असतं तर मला काही करता आलं नसतं."

परतताना रिक्षात तिने माझा हात धरून ठेवला होता. मीही सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी हीटर मित्राच्या अंगणात ठेवून आलो आणि शिडीवर चढलो. तिने खालून शिडी धरली. आधी ताडपत्री उतरवली, मग मी चिंध्या काढत होतो आणि ती बोटाने राहिलेल्या दाखवत होती. "त्या कोपऱ्यातली पण काढा." नातीला टोपी, मोजे आणि आईची कूस पुरली. पाय दोन दिवसांत गरम.

बायकोचा माझ्यावर विश्वास नाही, हे मी चारचौघांत तक्रारीच्या सुरात सांगत आलो. आता सांगतो ते देवाचे आभार मानावेत तसं. तिने त्या संध्याकाळी विश्वास ठेवला असता तर?

सकाळी ऊन आलं की त्या खोलीच्या भिंतीवर ठिपके पडतात. नात ते टकामका बघते. मी शेजारी बसून तपासणी करतो. कालच्यापैकी एखादा ठिपका कमी तर झाला नाही ना?