रंगाखालचा हिरवा पट्टा

ते पत्र मी लिहिलं होतं. सह्या पाच डॉक्टरांच्या होत्या, पण मजकूर माझा, कारण आमच्या तालुक्यातल्या डॉक्टरांत माझं मराठी बरं आहे असा समज आहे. 'निवृत्त परिचारिकेने वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणे औचित्यास धरून नाही' हे वाक्य जमल्यावर मी ते दोनदा मोठ्यानं वाचलं होतं, इतकं मला ते आवडलं होतं. आणि ज्यांच्याविरुद्ध ते लिहिलं त्या आमच्या मोठ्या सिस्टर. शिकवण्याचं इतकं वेड लागलेलं माणूस शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत दुसरं झालेलं नाही, आणि आता होईल असं वाटत नाही.

सिस्टर तीस वर्षं सरकारी नोकरीत होत्या, त्यातली बरीचशी अपघात विभागात. निवृत्त झाल्या तेव्हा त्यांना शाल-श्रीफळ मिळालं आणि त्यानंतरच्याच मंगळवारी त्या शहापूरहून एसटीनं आमच्या मुरबाडकडच्या रुग्णालयात पुन्हा हजर झाल्या, डॉक्टर-नर्सचा वर्ग घ्यायला. काखेत चिंगी. चिंगी म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती कशी दाबायची ते शिकवायला त्यांनी स्वतः शिवलेली कापडी बाहुली. आत भाताचा तूस, आणि छातीत पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली. छाती पुरेशी खोल दाबली तरच बाटली कडकन वाजायची. पिशवीत कोंबली तर शिवण उसवते म्हणून चिंगी कडेवरूनच प्रवास करायची. नवीन कंडक्टर असला की हमखास म्हणायचा, "बाय, पोरीचा अर्धा तिकीट लागल." सिस्टर शांतपणे चिंगीचा पाय वर करून दाखवायच्या. एकदा शेजारच्या म्हाताऱ्यानं पोर निपचित पडलंय म्हणून घाबरून आरडाओरडा केला, तर सिस्टरनी चालत्या गाडीत त्याच्याच मांडीवर चिंगीला ठेवून छाती कशी दाबायची ते त्याला शिकवलं. मुरबाड येईपर्यंत मागच्या सीटवरच्या चौघांना येत होतं.

दुसरं वेड वजनाचं. लहान मुलाचं औषध वजनावर ठरतं, आणि झटका आलेल्या मुलाला काट्यावर उभं करता येत नाही. म्हणून वजन नजरेनं ओळखता आलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेत लोक बैलांचे दात बघत हिंडतात, तर सिस्टर आयांच्या कडेवरची पोरं बघत हिंडायच्या. "अकरा किलो. हा नऊ. याला जंत झालेत, आठच असंल." अंदाज खरा का खोटा हे बघायला एखादं पोर उचलून सरळ भातगिरणीच्या काट्यावर ठेवायच्या. गिरणीवाला वैतागून म्हणायचा, "बाय, कांडायचं काय हाय का नुसताच तोलायचा?" आमच्या तपासणीच्या टेबलाच्या कडेला त्यांनी रंगीत पट्टे ओढून ठेवले होते. मुलाला आडवं करायचं, डोकं टेबलाच्या टोकाला टेकवायचं, टाच ज्या पट्ट्यावर येईल तेवढं वजन धरायचं. पिवळा दहा, हिरवा चौदा, निळा अठरा. पट्ट्याप्रमाणे औषधाचं माप लिहिलेलं कार्ड भिंतीवर. मापं त्यांनी एका बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घेतलेली, खाली त्यांची सही.

आम्हा डॉक्टरांशी त्यांची भाषा मात्र मऊ नसायची. "मोठ्या माणसाचा डोस अर्धा केला की पोराचा होतो, हे तुमाला शिकवला कोणी?" असं त्या पंधरा माणसांसमोर विचारायच्या. माझी पाळीही एकदा आली. मी वर्गात हजेरीच्या वहीत सही करून, चहा घेऊन, ओपीडीचं निमित्त काढून निघालो होतो. दारातच अडवून म्हणाल्या, "सही नको मला. हात दाखवा. चिंगी वाजवल्याशिवाय कोणाची हजेरी लागत नाय." मी नाही वाजवली. माझ्या खोलीत तेव्हा प्रमाणपत्रांची रांग होती. दर काही वर्षांनी नोंदणी चालू ठेवायला आम्हाला शिक्षणाचे गुण दाखवावे लागतात. ते गुण मिळतात कल्याणच्या हॉटेलात, थंडगार सभागृहात. तिथे दारात सही केली की एक बॅग मिळते, जेवणात पनीर असतं आणि दिवे मंद केल्यामुळे झोप चांगली लागते. अशा सात बॅगा माझ्या घरी आहेत, बायको त्यात कांदे-बटाटे आणते. त्यातल्या एका बॅगेवर 'बालकांची आणीबाणी' असं ठसठशीत छापलंय. त्या दिवशीचं मला आठवतं ते गुलाबजाम. हे आज लिहितानाही मला संताप येतो. झोपलेल्याला गुण मिळतात, आणि गुडघ्यावर बसून घाम गाळायला लावणारीला आम्ही विचारतो, तुमचा अधिकार काय?

पत्र वर गेलं आणि वर्ग बंद झाला. आमच्याकडे कामाची पत्रं महिनोन् महिने हलत नाहीत, हे चार दिवसांत हललं. सिस्टरनी ते वाचलं, घडी घातली आणि चिंगीला कडेवर घेऊन स्टँडवर गेल्या. मी खिडकीतून बघत होतो. पुढच्या आठवड्यात मीच टेबलाला पांढरा रंग द्यायला सांगितलं आणि कार्डही उतरवून फेकायला. तपासणीला साहेब येणार होते आणि पट्टे बरे दिसत नव्हते.

त्यानंतर लावणीच्या दिवसांत सकाळी अकराच्या सुमाराला सिद्धगडाकडच्या एका पाड्यावरून एक बाई आली. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे, हातात तीनेक वर्षांची मुलगी. अंगात ताप, डोळे फिरलेले, हातपाय सारखे झटके देत होते. घरून निघाल्यापासून फिट थांबली नव्हती. मी शीर शोधायला लागलो. लहान, थंडगार, सुजरा हात. एकदा सुई चुकली, दुसऱ्यांदा चुकली. तिसऱ्यांदाही शीर हाती लागली नाही. मुलीचे ओठ निळसर व्हायला लागले आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य घोळत होतं, औचित्यास धरून नाही.

आमच्या वॉर्डातल्या मावशी फडकं घेऊन मागे उभ्या होत्या. सिस्टरच्या वर्गात त्या चहाचे कप गोळा करायला यायच्या आणि कप गोळा करता करता बसून राहायच्या. त्या म्हणाल्या, "साहेब, शीर नाय गावत तं झटक्याचा फवारा नाकात सोडा ना. मोठी बाय सांगत व्हती, आधी नाक, मंग शीर."

"वजन?" मी विचारलं. मावशींना विचारलं, वर बघून.

"सरळ निजवा तिला. डोका टोकाला." त्यांनी हातातल्या फडक्यानं टेबलाची कड पुसली. रंग एकच हात दिलेला होता. मुलीची टाच आली तिथे पांढऱ्याखालून हिरवा पट्टा दिसत होता. "चवदा," मावशी म्हणाल्या आणि औषधाच्या कपाटातून ते कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. मी फेकायला सांगितलेलं, त्यांनी जपून ठेवलेलं.

प्राणवायू लावला, फवारा मापून नाकात दिला. काही मिनिटांनी झटके थांबले. अजून थोड्या वेळानं मुलगी रडली आणि तिची आई भिंतीला पाठ लावून खाली बसली.

पोर बरी होऊन घरी गेली, आणि पाड्यावरची माणसं येऊन मला नारळ देऊन गेली. मी तो घेतला. मावशी दारात फरशी पुसत होत्या. तो नारळ माझ्याच्यानं फोडवला नाही.

शहापूरला सिस्टरच्या घरी जायला मला तरीही दीड महिना लागला. त्या खुर्चीत होत्या, गुडघ्यांना पट्टे. चिंगी कपाटावर, प्लास्टिकच्या पिशवीत. मी तयार करून नेलेलं वाक्य सुरू केलं तर म्हणाल्या, "आधी तिला खाली काढा. माझ्याच्यानं आता खाली बसवत नाय. तुमी बसा."

मी फरशीवर गुडघे टेकले आणि दाबायला लागलो. बाटली वाजेना.

"खोल," त्या म्हणाल्या. "भीता कशाला, तूसच हाय आत."

दहाव्या-बाराव्या वेळी कडकन वाजली. मग वाजतच राहिली. त्या मोजत होत्या आणि मला धाप लागली होती. त्या धापेतच म्हणालो, "सिस्टर, ते पत्र मी लिहिलं होतं."

"म्हायतीय. औचित्य नि काय ते, इथं दुसरा कोण लिवनार? थांबू नका. एकोणीस, वीस."

तयार केलेलं वाक्य तोवर कुठच्या कुठे गेलं होतं. मी दाबत राहिलो आणि म्हणालो, "माझं चुकलं, सिस्टर. मला येत नव्हतं, आणि येत नाही हे तुमच्यासमोर दिसू द्यायचं नव्हतं."