ती म्हणणार ‘ऊठ की’, आणि मी वर जाणार

डबिंगच्या खोलीत माणसं तासन्‌तास दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत बसलेली असतात. पडद्यावरचं तोंड कधी उघडतंय आणि कधी मिटतंय, एवढंच बघायचं. अशा ठिकाणी किस्से साठणार नाहीत तर काय होणार? आमच्याकडं तर इतके साठलेत की चहाला कुणी नवीन आलं की आधी कोणता सांगायचा यावरून वाद होतो. अडचण एवढीच की बहुतेक किश्श्यांत हसं माझं होतं. म्हणून म्हटलं, दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं.

आमचा स्टुडिओ राजारामपुरीत, एका पिठाच्या गिरणीच्या वर. गिरणी सुरू असली की माईकमध्ये घरघर येते. म्हणून रेकॉर्डिंग दुपारी एक ते चार, गिरणीवाल्या मावशी जेवून आडव्या होतात तेव्हा. स्टुडिओ बापूचा. बापू माझा शाळेपासूनचा मित्र. आणि मी विलास. बावीस वर्षं रिक्षावरच्या भोंग्यातून मी कोल्हापूरला सांगत आलोय की उद्या पाणी येणार नाही, किंवा साड्यांच्या सेलचा आज शेवटचा दिवस आहे. माझा आवाज गावात सगळ्यांनी ऐकलाय. चेहरा कुणाला माहीत नाही.

*

बापूला एका जपानी कार्टून मालिकेचं काम मिळालं. केंतो नावाचा चौदा वर्षांचा शाळकरी पोरगा. हात न लावता, नुसत्या मनाच्या जोरावर वस्तू उचलतो. बस उचलतो, क्रेन उचलतो, पण वर्गात हात वर करायला घाबरतो. काम देणाऱ्या कंपनीला ही मालिका कोल्हापुरी बोलीत पाहिजे होती.

हिरोचा आवाज मीच देणार असं मी धरून चाललो होतो. मंगलला, म्हणजे बायकोला, सांगूनही टाकलं होतं. टेस्टच्या दिवशी मी सकाळपासून थंड पाणी प्यालो नाही. माईकसमोर उभा राहिलो, छाती भरून श्वास घेतला आणि केंतोचं पहिलं वाक्य टाकलं.

बापूनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. म्हणाला, "विल्या, पोरगं चौदा वर्सांचं हाय. तुझं ऐकून वाटतंय, चौदा पोरांचा बाप बोलतोय."

*

संवाद लिहायला देसाई सर होते. निवृत्त मराठीचे शिक्षक, शुद्धलेखनाचे कडक. केंतो पहिल्यांदा ट्रक उचलतो त्या प्रसंगाला सरांनी लिहिलं होतं, "माझ्या अतींद्रिय सामर्थ्याने हे अवजड वाहन उचलले जावो."

पडद्यावर केंतोचं तोंड दोनदा उघडतं. फक्त दोनदा. ट्रक वर जाऊन, उलटा होऊन, खाली येऊन आदळला तरी आमचं ‘अतींद्रिय’ संपेना.

बापू म्हणाला, "सर, पोरगं दोनदाच तोंड उघडतंय."

सर म्हणाले, "दोनदाच उघडतंय, पण मोठं उघडतंय की नाही?"

त्या दिवशी वर्गातल्या पोरींच्या गलक्यासाठी चार-पाच जणी बोलावल्या होत्या. त्यांत मुरगूडची शमीम होती. तिथल्या बाजारात तिच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान आहे आणि तीही दुकानात बसते. बावीस-तेवीसची असेल. दुपारपासून तो ट्रक बघून ती वैतागली होती. सतराव्या वेळी ट्रक हलायला लागला तसं ती कोपऱ्यातून स्वतःशीच पुटपुटली, "ऊठ की."

पडद्यावरचं तोंड दोनदा उघडलं. दोनदा मिटलं. ट्रक वर गेला.

देसाई सरांनी खिशातून लाल पेन काढलं आणि आपलंच वाक्य आडवं खोडलं. बापू शमीमला म्हणाला, "पोरी, हिकडं ये. परत म्हण." आणि ती हिरो झाली.

त्या दिवशी मी घरी शिवाजी पेठेपर्यंत चालतच गेलो. खरं सांगतो, मी जळलो. दोन शब्द. ते मी जन्मापासून रोज शंभर वेळा म्हणतोय. माझ्या डोक्यात का आले नाहीत?

*

मला काय मिळालं? हेडमास्तर. केंतोला शाळेत राग आला की पहिला हवेत जातो तो हेडमास्तर. जवळपास प्रत्येक भागात जातो. मला वाक्य एकच, "अरे, मला खाली ठेव!" कधी छताला टेकून, कधी झेंड्याच्या खांबावरून.

म्हणजे कामाची पद्धत अशी ठरली की शमीम म्हणणार ‘ऊठ की’, आणि मी वर जाणार. रोज दुपारी. ती काचेच्या पलीकडून हसून विचारणार, "मामा, लई वर गेलासा काय?"

मंगलनं विचारलं, "तुमी हिरो हाईसा न्हवं?" मी म्हटलं, "हिरोच्या वरचा माणूस आहे." ते खोटं नव्हतं.

*

मालिका मोबाईलवर आली आणि ‘ऊठ की’ गावभर झालं. तालमीत पोरं वजन उचलताना म्हणायला लागली. शिरोली एमआयडीसीत एका कारखान्यात क्रेनवाला बटण दाबायच्या आधी म्हणतो, असं बापूनं मला मुद्दाम दोनदा सांगितलं.

एकदा मी चंदगडहून एसटीनं येत होतो. पाऊस मरणाचा. घाटाच्या आधी गाडीचं चाक चिखलात रुतलं. ड्रायव्हर गाडी रेटतोय, कंडक्टर खाली उभा. माझ्या शेजारी शाळेच्या ड्रेसमधली एक पोरगी बसली होती. ती खिडकीतून चाकाकडं बघून ओरडली, "ऊठ की!" सगळी गाडी हसली, आणि नेमकं तेव्हाच चाक निघालं. कंडक्टर चढला, गाडी चालू लागली.

मला राहवलं नाही. मी तिला म्हटलं, "त्या मालिकेत मी पण आहे."

तिचे डोळे मोठे झाले. "कोण?"

"हेडमास्तर."

"म्हणून दावा की."

मी एसटीत, पन्नास माणसांत, म्हटलं, "अरे, मला खाली ठेव!"

पोरगी विचारात पडली. कंडक्टरनं मात्र लगेच घंटी वाजवली आणि ड्रायव्हरला सांगितलं, "थांबवा ओ जरा, पावण्यांस्नी उतरायचं हाय."

*

जळण्यानं माणूस किती खाली जातो तेही सांगून टाकतो. एक दिवस मी बापूच्या कानात सांगितलं की शमीमच्या बांगड्या माईकमध्ये वाजतात. खरं तर वाजत नव्हत्या. बापूनं तिला काढायला सांगितल्या.

तिनं दोन्ही हातांतल्या काचेच्या बांगड्या एकेक करून काढल्या आणि माझ्याच मांडीवर ठेवल्या. "मामा, संभाळा हं. अब्बांनी निवडून दिलेल्या हाईत. दुसऱ्या कुणावर माझा इस्वास न्हाय."

चोवीस बांगड्या. मी तासभर मांडी हलवली नाही. माझं वाक्य आलं तेव्हा श्वाससुद्धा घेता येईना, कारण पोट हललं की त्या किणकिणायच्या. हेडमास्तर कसाबसा छतापर्यंत गेला.

बापू काचेमागून म्हणाला, "शमीमच्या बांगड्या कधी वाजल्या न्हाईत. आज तुझ्या वाजल्या."

*

आता शेवटचा. मालिका संपली, कंपनीचं काम संपलं, म्हणून सांगतो.

शेवटच्या भागात केंतोची शक्ती संपते. सगळं शहर वाचवून झालंय आणि त्याचा एकुलता एक मित्र समोर पडलाय. केंतो त्याच्याजवळ गुडघ्यावर बसतो आणि ते दोन शब्द म्हणतो. आवाज फुटलेला, नुसता श्वास. मालिका त्यावर संपते. बाकी सगळं रेकॉर्ड झालं होतं, तेवढं एक राहिलं होतं. संध्याकाळपर्यंत फाईल पाठवायची होती.

शमीम मुरगूडहून आली ती गळ्याला मफलर गुंडाळून. तोंड उघडलं तर आवाजच नाही. श्वाससुद्धा शिट्टीसारखा येत होता. मीठपाणी झालं, ज्येष्ठमध झालं. चार वाजत आले. खाली मावशी उठायची वेळ झाली. कंपनीनं हिरो म्हणून शमीमचा आवाज पास केलेला, दुसरा चालणार नव्हता.

शमीमनं माझ्याकडं बोट दाखवलं. नुसता श्वास कुणाचा, ते कुणाला ओळखू येणार?

इतके महिने मला ते दोन शब्द एकदा म्हणायचे होते. एकदाच. आता माईकसमोर उभा राहिलो आणि छाती भरून श्वास घेतला. मी म्हटलं. बापूनं ‘नाही’ म्हणून मान हलवली. मी परत म्हटलं. बापू म्हणाला, "भोंगा वाजतोय, विल्या."

शमीम आत आली. तिच्या हातात संवादाचा कागद होता. त्याच्या मागं तिनं लिहिलं, ‘मामा, हुकूम सोडू नका. गिऱ्हाईकाचा हात आखडला की बांगडी जात न्हाय. मी म्हणते, मावशी, हात ढिला सोडा की. तसा ‘की’.’

मी कागद दोनदा वाचला. मग डोळे मिटले आणि आवाज न काढता म्हटलं.

बापूनं फाईल सेव्ह केली. शमीमनं मफलरचं टोक डोळ्याला लावलं. खाली गिरणी सुरू झाली.

"तिघांतच ठिवायचं," बापू म्हणाला. "घरी पण न्हाय."

तो भाग आला त्या दिवशी मी मुद्दाम भाजी निवडत बसलो. मंगल मोबाईल घेऊन शेजारी बसली होती. शेवट झाला. तिनं पदरानं नाक पुसलं, मोबाईल माझ्यासमोर धरला आणि तेवढंच मागं नेऊन मला ऐकवलं.

"ह्याला म्हणत्यात ‘ऊठ की’," ती म्हणाली. "बावीस वर्सं बोलतायसा माईकात. जरा शिका त्या पोरीकडनं."

मी म्हटलं, "परत लाव की."