रेघेपुढची मूठ

"हिशोब बरोबर आहे, सरोज, पण उत्तर चुकलंय. गावात परत जा आणि विचार."

हत्तुरेबाई मला हे म्हणाल्या तेव्हा मी वीस वर्षांची होते, सोलापूरच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. मी गावात परत गेले नाही. परवा जानेवारीच्या शेवटी गेले. मधे बावीस वर्षं गेली.

बाई इतिहास शिकवायच्या, पण आम्हांला त्यांच्या वर्गात कमी आणि दुसऱ्यांच्या वर्गांत जास्त बसवायच्या. मंद्रूपच्या पुढच्या एका लहान गावात महादेवाचं जुनं देऊळ आहे. त्या वर्षी त्यांनी आम्हां सात-आठ जणांना तिथं नेलं आणि परत आल्यावर कामं वाटली. भिंतीचा चुना घेऊन एकाला रसायनशास्त्राच्या सरांकडं धाडलं. देवळासमोरचा कानडी शिलालेख वाचायला कानडी घरातल्या दोन मुली बसवल्या. देवळाच्या जोत्यावर एक सरळ रेघ कोरलेली होती, दोन्ही टोकांना फुली. ती रेघ माझ्या वाट्याला आली आणि मी गणिताच्या सरांकडं गेले.

रेघ म्हणजे गावाची मोजणीची काठी होती. देवाच्या दिव्यासाठी दिलेलं रान इतक्या काठ्या लांब, इतक्या काठ्या रुंद, असं शिलालेखात होतं. मी फितीनं रेघ मोजली, तेरा फूट भरली. गुणाकार केला, तर रान वीस एकर आलं. बांधाच्या दगडांपासून दगडांपर्यंत प्रत्यक्षात ते एकवीस एकर होतं. मी निबंधात लिहून टाकलं की देवाचं रान कसणाऱ्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या दगड सरकवून शेजाऱ्यांची एकरभर जमीन खाल्ली. घराण्याचं नावही लिहिलं. निबंध कॉलेजच्या वार्षिक अंकात छापून यायचा होता. बाईंनी तो अडवला आणि वर लिहिलेलं वाक्य ऐकवलं.

मी आता सांगलीला मुलींच्या कॉलेजात इतिहास शिकवते. दोन वर्षांपासून आम्ही चार-पाच प्राध्यापिका शनिवारी एक वर्ग घेतो: एकच जागा घ्यायची आणि ती भूगोल, अर्थशास्त्र, भाषा, गृहविज्ञान असं जिला जे येतं त्यातून बघायची. डिसेंबरात एका मुलीनं कृष्णेच्या घाटावर एक टिपण लिहून आणलं. आकडे चोख होते, माणूस एकही नव्हता. मी तिला म्हणून गेले, "हिशोब बरोबर आहे, पण घाटावर परत जा आणि विचार." ती हो म्हणाली आणि खरंच गेली. त्या संध्याकाळी मी एस.टी.चं वेळापत्रक काढलं.

सांगलीहून सोलापूरला सकाळची गाडी धरावी. मंगळवेढ्यामार्गे जाते, तिकीट बारा रुपयांच्या आत, आणि वेळ सहा तास म्हणतात पण सात धरून चालावं. डाव्या बाजूची खिडकी मिळाली तर ऊन लागत नाही. सांगोल्याच्या पुढं झाडं विरळ होत जातात, आणि मंगळवेढ्याला पोचलं की काळ्या जमिनीवर नुसती ज्वारी. कणसं भरली होती. बहात्तरच्या दुष्काळानंतर हा मुलूख असा भरलेला मी प्रथमच पाहत होते, आणि डोळे उगीचच भरून आले. शेजारच्या बाईंनी मला बडीशेप दिली. त्यांना वाटलं, गाडी लागली.

सोलापुरात उतरले पद्मावतीकडं. ती माझी वर्गमैत्रीण. घर तेलुगू विणकरांचं, खाली चादरींचे माग, वर राहणं. तिच्या घरी गप्पा मागांच्या ठेक्यावर माराव्या लागतात, नाहीतर ऐकू येत नाहीत. तिनं कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही वाढलं. मी का आले ते ऐकून तिनं भाकरी मोडायची थांबवली.

"बाईंकडं जाणार आहेस?"

"आधी गावात. मग बाईंकडं."

"सहीचं सांगणार?"

सहीचं सांगायला हवं. बाईंनी निबंध अडवला त्याच आठवड्यात वर्गात एक अर्ज फिरला. बाई अभ्यासक्रम सोडून भलतेच विषय शिकवतात, परीक्षा तोंडावर आहे, तरी दखल घ्यावी. सात सह्या होत्या. तिसरी माझी. पद्मावतीनं केली नव्हती. पुढच्या जूनपासून बाईंना बी.ए.चे वरचे वर्ग दिले गेले नाहीत, फक्त पहिलं वर्ष. मी तोवर पदवी घेऊन निघून गेले होते. मला ते दोन वर्षांनी कळलं, आणि कळल्यावर मी पत्रसुद्धा टाकलं नाही.

"सांगेन," मी म्हणाले.

"सांग. बावीस वर्षं तुझं पोट दुखतंय, मला ऐकून कंटाळा आला."

दुसऱ्या दिवशी मंद्रूपला गेले. स्टँडवरून गाड्या बऱ्याच आहेत, तासाभराचा रस्ता. बाजाराचा दिवस टाळावा. मला माहीत नव्हतं, त्यामुळं कोंबड्यांच्या पाट्या आणि लसणाची पोती यांच्यात उभ्यानं गेले. मंद्रूपपासून पुढं तीन-चार मैल चालावं लागतं. पाणी बरोबर घ्यावं, चप्पल जुनी घालावी. काळ्या मातीच्या भेगांत नवी चप्पल टिकत नाही.

देऊळ होतं तिथंच होतं. जोत्याला कुणीतरी पिवळा ऑइलपेंट दिला होता, पण रेघ तेवढी मोकळी सोडलेली, तेल लावून काळीभोर केलेली. मी खाली बसून तिच्यावरून बोट फिरवत होते तेव्हा मागून आवाज आला.

"कुटनं आलाव बाई? मोजणीच्या हाफिसातनं?"

म्हातारा सत्तरीचा असेल. मुंडासं, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, हातात दोरखंडाचं वेटोळं. नाव सिद्रामप्पा. आडनावासकट पूर्ण नाव सांगितलं तेव्हा मी रेघेवरचं बोट उचललं. माझ्या निबंधातलं घराणं ते हेच. मी शिक्षिका आहे, लहानपणी हा दगड पाहिला होता, असं काहीबाही बोलले. त्यांना तेवढं पुरलं. देवाच्या रानात हुरडा भाजत होते, चला म्हणाले, आणि माझं हो-नाही होईपर्यंत चालायलाही लागले.

आगटीभोवती घरची माणसं होती. सूनबाई गोवऱ्यांत कणसं सारत होती आणि सासऱ्याशी कानडीत, माझ्याशी मराठीत बोलत होती. गरम हुरडा, शेंगाची चटणी, गूळ. "खावा की, लाजायलाव काय," ती म्हणाली आणि माझ्या ओंजळीत आणखी ओतला. ज्यांना चोर लिहिलं त्यांच्याच आगटीवर मी खात होते. बांधाचे दगड समोर दिसत होते, जुने, अर्धे मातीत गेलेले. हे कधी हलले का, असं मी विचारलं. सिद्रामप्पा हसले. दुष्काळात रस्त्याच्या खडीला शिवारातला दगडन्‌दगड फुटला, म्हणाले, ह्या दगडांना कुणी हात लावला नाही.

मग मी दोरखंडाचं विचारलं. त्यांच्या भावकीत वाटणी होती. वाटणी असली की गावात अजून सरकारी साखळीच्या आधी देवळाच्या रेघेवर दोर धरतात. त्यासाठीच ते देवळाकडं आले होते. मला बघायचं आहे म्हटल्यावर आम्ही सगळे परत जोत्यापाशी गेलो.

सूनबाईनं दोराचं एक टोक पहिल्या फुलीवर दाबून धरलं. सिद्रामप्पांनी दोर ताणत दुसऱ्या फुलीपर्यंत आणला. तिथं मी माझी फीत संपवली होती. ते थांबले नाहीत. दुसऱ्या फुलीच्या पुढं त्यांनी आपली मूठ आडवी ठेवली आणि मुठीच्या पलीकडं गाठ मारली.

"हे काय?" मी विचारलं.

"देवाची मूठ." त्यांनी गाठ दातांनी घट्ट केली. "माप रेघंवर सरत न्हाय बाई, मुठीवर सरतंय. देणाऱ्यानं मूठभर जास्तीच द्यावं. तुमी पायली मोजताना वर शीग सोडता न्हवं? तसंच हे."

"हे पहिल्यापासून?"

"माजा आजा करायचा. त्येचा आजा करायचा. लिवून कशाला ठेवायचं, हात हाय की."

मी तिथंच जोत्यावर बसून वहीच्या पाठीमागं गुणाकार केला. तेरा फुटांमागं एक मूठ, लांबीत आणि रुंदीत दोन्हीकडं. विसाचे एकवीस एकर झाले. एक दगड हलला नव्हता. बावीस वर्षांपूर्वी मी इथं दोन दिवस होते, फीत होती, गणित येत होतं, आणि तुम्ही कसं मोजता ते दाखवा, असं मी कुणाला एकदाही म्हणाले नव्हते.

मी त्यांना सांगितलं. निबंध, नाव, सगळं. सूनबाईनं पदर तोंडाला लावला. सिद्रामप्पांनी दोराचं वेटोळं घातलं.

"छापलं न्हवतं न्हवं?"

"आमच्या बाईंनी छापू दिलं नाही."

"मग त्येस्नी माजा नमस्कार सांगा," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "आनि आता काय लिवलाव तर गावाचं नाव नका घालू. मोजणीवाले येत्याल, मुठीचा कर मागत्याल."

म्हणून गावाचं नाव इथं नाही. वाचकांपैकी कुणाला जायचंच असेल तर मंद्रूपला उतरून विचारावं. विचारल्याशिवाय तिथलं काही सापडत नाही, हे मी अनुभवानं सांगते.

संध्याकाळी पद्मावतीला हे सांगितलं तर ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं, आमच्या घरात गजावर कापड मोजताना शेवटी अंगठा सोडतात. माझा बाप तुझ्यासमोर सोडायचा. खाली बसून तू शंभरदा बघितलंस."

बघितलं होतं. पण ते मला विणकाम वाटलं होतं. इतिहास वाटला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंकडं गेले. धाकट्या भावाच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत त्या राहतात. साठीच्या पुढं गेल्यात, केस पूर्ण पांढरे, आवाज तोच. परातीत ज्वारी निवडत होत्या. मला ओळखलं, बस म्हणाल्या, आणि परात अर्धी माझ्याकडं सरकवली. निवडता निवडता मी सगळं सांगितलं. रेघ, दोर, मूठ, विसाचे एकवीस.

"मूठ कुणाची?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"घेणाऱ्याची की देणाऱ्याची? घेणाऱ्याची मूठ मोठी असली तर? आणि वाटणी विधवा बाईला जात असली तर मूठ तिची धरतात की दिराची?"

हे मी विचारलं नव्हतं. बाई हसल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा असा उजळला की मला पुन्हा विसाव्या वर्षी त्यांच्या वर्गात बसल्यासारखं वाटलं. तुम्हांला तेव्हाच मुठीचं माहीत होतं का, असं मी विचारलं.

"नव्हतं," त्या म्हणाल्या. "मला एवढंच दिसलं, की तू एका घराला कायमचं चोर ठरवलंस आणि त्या घरात पाणीसुद्धा प्यायली नव्हतीस."

मग मी सहीचं सांगितलं. बाईंनी एक खडा उचलून खिडकीबाहेर टाकला.

"मला माहीत होतं. तीन वर्षं तुझे पेपर तपासले मी, तुझं अक्षर ओळखणार नाही? आणि कॉलेजनं पुढं चार वर्षांनी मला वर्ग परत देऊ केले होते. मी घेतले नाहीत. जे वर्ग मुलांनी सहीनिशी परत केले, ते मी पुन्हा घेत नाही, म्हटलं. पहिल्या वर्षाच्या पोरांनी मला काही कमी दिलं नाही. त्यामुळं तू रडू नकोस, ज्वारी भिजेल."

निघताना मी सिद्रामप्पांचा नमस्कार सांगितला. बाईंनी परात बाजूला ठेवली आणि उभं राहून दोन्ही हात जोडले, जणू ते समोर उभे आहेत.

परतीची गाडी दुपारची होती. सांगलीला उतरले तेव्हा पिशवीत पद्मावतीनं दिलेली चादर, शेंगाची चटणी आणि सूनबाईनं बांधून दिलेला हुरडा होता. हुरडा दोन दिवसांत संपला. चटणी अजून आहे. मी आजवर समजत होते की माझं शिकणं कॉलेजात झालं आणि त्याचं श्रेय माझ्या मेहनतीला. आता वाटतं, माझ्या मोजलेल्या तेरा फुटांपुढं कुणीकुणी आपली मूठ ठेवत आलं होतं, म्हणून रान एवढं निघालं. एका बाईंनी माझा निबंध अडवला नसता तर मी आज काय असते, याचा विचार करायलाही भीती वाटते.

शनिवारच्या वर्गात मी मुलींना सगळं सांगितलं, सहीसकट. त्यांनी थोडा वेळ आपसांत कुजबुज केली आणि मग एक कागद माझ्यापुढं ठेवला. अकरा मुली आहेत, सगळ्या तिसऱ्या वर्षाच्या. वरून तिसरी ओळ त्यांनी माझ्यासाठी मोकळी ठेवली होती. मी सही केली आणि कागद आज टपालात टाकला. बाई शब्दाच्या पक्क्या आहेत, आणि त्यांचं 'पुन्हा घेत नाही' मी ज्वारी निवडताना ऐकून आलेच आहे. तरीही अर्जाचा मजकूर असा:

"मा. हत्तुरेबाई यांस, आम्ही खाली सह्या करणाऱ्या अर्ज करतो की आपण अभ्यासक्रम सोडून इतर विषय शिकवता असं आम्हांस समजलं आहे. तरी कृपया आमच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गावर येऊन एक तास घ्यावा."